आईचा फोटो आणि १०८ मेगापिक्सेल

मैत्रिणींनो, घरातलं माणूस गेलं की पहिल्या दोन दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो. माणसांची ये-जा चालू असते, शेजारणीनं पिठलं-भात आणून ठेवलेला असतो, कोपऱ्यात दिवा तेवत असतो, आणि कुणीतरी हळूच विचारतं, "फोटो कुठला लावायचा?"

माझी आई २०२३ च्या पावसाळ्यात गेली. हा प्रश्न दादानं विचारला आणि आम्ही सगळ्यांनी खिशातून, पर्समधून फोन बाहेर काढले. सात माणसं, सात फोन. फोटो किती म्हणाल? हजारांनी! वाढदिवस, बारशी, हळदीकुंकू, अष्टविनायकाची सहल. झालंच तर नव्या मिक्सरचासुद्धा फोटो निघाला. आईचा मात्र सापडेना. म्हणजे आई फोटोत नव्हती असं नाही. कुठे पुरणाचं पातेलं घेऊन पाठमोरी निघालेली, कुठे नातवाच्या केकमागे तिचा नुसता हात, कुठे पंगतीत वाढताना वाकलेली. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ती अठरा ठिकाणी आहे, मी मोजलं. अठराही ठिकाणी ती दुसऱ्याच कुणाकडे तरी बघतेय. एकटीचा, समोरून काढलेला असा फोटो म्हणाल तर ओळखपत्रावरचा तेवढा एक. आणि तो कुणी भिंतीवर लावतं का?

शेवटी माझ्या भाच्याला आठवलं. २०२२ साली दादाच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, त्या संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांचा मिळून एक फोटो त्यानं काढला होता. त्यात आई दुसऱ्या रांगेत अगदी कडेला उभी आहे. अंगावर मोतिया रंगाची इरकल, आणि धाकटी नात काहीतरी बोलली म्हणून खुदकन हसलेली. अगदी आईच!

"आत्या, काळजी करू नको," भाचा म्हणाला, "हा १०८ मेगापिक्सेलवर काढलाय. भिंतीएवढा केला तरी फाटायचा नाही."

एकशे आठ! जपमाळेचे मणीच की. मला आपलं हायसं वाटलं. फोटो मोठा केल्यावर चौकडी-चौकडी दिसायला लागली की स्टुडिओवाले 'फोटो फाटला' म्हणतात, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. आमच्या बाजारपेठेत एक जुना स्टुडिओ आहे. मालक साठीच्या घरातले. मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते तिथले वर्गांचे फोटो तेच काढतात, त्यामुळे ओळख. तेव्हा फ्रेमचं काम माझ्याकडे आलं. तेराव्याच्या आत ८ बाय १० इंचाची फ्रेम हवी होती.

काकांनी फोटो संगणकावर उघडला. चष्मा वर केला, खाली केला.

"ताई, हा व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलाय. मूळ फोटो कुठाय?"

मी तिथूनच भाच्याला फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "आत्या, मूळ नाही गं राहिला. तेव्हा फोन भरला होता. एकेक फोटो वीस-पंचवीस एमबीचा व्हायचा. ग्रुपवर टाकले आणि मग फोनमधनं काढून टाकले सगळे."

ऐकलंत? फोटो इतका मोठा होता, की मोठा होता म्हणूनच गेला.

त्याच्यावर काय रागावायचं? कॉलेजातलं पोर. आपणही 'जागा नाही' अशी सूचना आली की बोट फिरवून पुसतोच की नाही? पण त्या दिवशी स्टुडिओतल्या स्टुलावर बसून मला जे रडू आलं, ते आई गेल्याच्या दिवशीही आलं नव्हतं.

काकांनी पाणी दिलं. मग एका वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडून मला हिशेब समजावला. मी बी.ए. मराठीची, गणिताशी माझं कधी जमलं नाही, पण हा हिशेब मला चटकन कळला. कारण तो रांगोळीचाच आहे.

आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना, २० ठिपके २० ओळी, म्हणजे एकूण ४०० ठिपके. डिजिटल फोटो म्हणजे तशीच ठिपक्यांची जाळी, फक्त प्रत्येक ठिपक्याला एकेक रंग. या ठिपक्याला म्हणायचं पिक्सेल. असे १० लाख ठिपके झाले की एक मेगापिक्सेल. भाच्याचा मूळ फोटो होता १२,००० आडवे आणि ९,००० उभे, म्हणजे १० कोटी ८० लाख ठिपके. व्हॉट्सअ‍ॅपनं नेहमीच्या रीतीनं तो लहान करून पाठवला, तेव्हा उरले १,६०० आडवे आणि १,२०० उभे. म्हणजे जेमतेम १९ लाख! आणि आता त्यातली आई किती? काकांनी तिच्या खांद्यापर्यंतची चौकट आखली आणि मोजून दाखवली. २०० आडवे, २५० उभे.

"आता हे २०० ठिपके तुम्हाला आठ इंच रुंदीवर पसरायचेत," काका म्हणाले. "म्हणजे इंचाला पंचवीस. हातात घेऊन बघायच्या फोटोला इंचाला तीनशे असले की डोळ्याला ठिपका दिसतच नाही. दीडशेपर्यंत चालवून घेतो आम्ही. भिंतीवर लांबून बघायचा असेल तर शंभरावरही भागवतो. पंचवीस म्हणजे ताई, नुसती चौकडी."

मी विचारलं, "आणि मूळ १०८ वाला असता तर?"

"तर आईंच्या वाट्याला दीड हजार ठिपके आले असते, आडवे. आठ इंचाला भरपूर. पण हा कागदावरचा हिशेब झाला," ते म्हणाले. "संध्याकाळची वेळ, हॉलमध्ये एक ट्यूबलाइट. एवढ्याशा उजेडात सगळे ठिपके खरं बोलत नाहीत. तरी निम्मे खरे निघाले असते तरी आपलं काम झालं असतं." मग जरा थांबून म्हणाले, "खरं सांगू का? तुमचा भाचा दहा फुटांवर उभा होता. तो पाच फुटांवर येऊन एकट्या आईंचा काढता, तर त्याच फोनवर आईंच्या चेहऱ्यावर चौपट ठिपके पडले असते. फुकटात."

हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते अजून निघालेलं नाही.

घरी येऊन सांगितल्यावर आमच्या चिरंजीवांनी उपाय काढला. हल्ली म्हणे अंधूक फोटो स्वच्छ करणारी अ‍ॅप्स निघाली आहेत. त्यानं फोटो त्यात घातला आणि मिनिटभरात आई समोर! डोळे लख्ख, भुवया रेखीव, कातडी तुकतुकीत. सगळे वा वा म्हणाले. मी बघत राहिले. काहीतरी चुकत होतं. वहिनीच्या आधी लक्षात आलं, तिनं पंचवीस वर्षं आईबरोबर एका स्वयंपाकघरात काढली आहेत. ती म्हणाली, "वन्सं, गोंदण कुठंय?"

माझ्या आईच्या हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले होते, लहानपणी जत्रेत आजीनं गोंदवून घेतलेले. त्या छोट्या फोटोत ते मिळून एक पुसट सावली झाले होते, आणि अ‍ॅपनं तो डाग समजून पुसून टाकला होता! दातही सरळ करून ठेवले होते. आईचा पुढचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला होता, म्हणूनच तर ती हसताना ओठ तसे मुडपायची. मैत्रिणींनो, जे ठिपके फोटोत नाहीतच ते अ‍ॅप आणणार कुठून? ते हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधतं आणि भरतं. समोर होती ती कुणाची तरी आई होती. आमची नव्हती. दादा म्हणाला, "पाहुण्यांना काय कळतंय?" त्यावर वहिनी जन्मात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली असेल. तो फोटो लागला नाही.

शेवटी तोडगा काकांनीच काढला. ते म्हणाले, ठिपके वाढवता येत नाहीत ना, मग कागद कमी करू. २०० ठिपके दोन इंचांवर बसवले की इंचाला शंभर होतात. म्हणून आईचा फोटो त्यांनी २ बाय अडीच इंचाचाच छापला, पत्त्याच्या पानाहून लहान. आणि फ्रेम मात्र ८ बाय १० चीच. मधे चारी बाजूंनी रुंद सायीच्या रंगाचा माउंट. मला आधी कसंसंच वाटलं. एवढ्या मोठ्या फ्रेममध्ये एवढीशी आई? पण लावल्यावर मात्र बरं दिसलं. लांबून काही दिसत नाही, हे खरं. भिंतीपाशी जावं लागतं. जवळ गेलं की हनुवटीवरची ती सावलीही दिसते.

हे झालं २०२३ चं. आता पुढचं ऐका.

गेल्या दिवाळीत ह्यांचा फोन बंद पडला. चिरंजीव लगेच दुकानातून माहिती घेऊन आले. एक ५० मेगापिक्सेलचा, आणि एक २०० मेगापिक्सेलचा, बराच महाग. "आई, आजीच्या फोटोचं काय झालं विसरलीस का?" असं वर मलाच! ह्यांचाही कल तिकडेच. चौपट मेगापिक्सेल म्हणजे चौपट चांगला फोटो, हा त्यांचा साधा हिशेब. मला तो पटेना, पण का पटत नाही ते सांगता येईना. मग मी सुट्टीच्या दिवशी पुन्हा काकांच्या स्टुडिओत जाऊन बसले. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी चहा मागवला.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती ही, की ठिपके चौपट झाले तरी फोटो चौपट मोठा होत नाही. रांगोळीचंच बघा. २० बाय २० च्या दुप्पट लांबी-रुंदीची काढायची तर ४० बाय ४०, म्हणजे १,६०० ठिपके लागतात. चौपट ठिपके, पण लांबी नि रुंदी फक्त दुप्पट. म्हणजे ५० वरून २०० वर गेलात तरी तितक्याच बारकाव्याचा फोटो दुप्पट रुंद छापता येईल, एवढंच. दुकानदार हे सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

दुसरी गोष्ट पागोळ्यांची. पाऊस पडतोय आणि अंगणात तुम्ही भांडी मांडली आहेत असं समजा. अंगण तेवढंच. त्यात बारा पातेली मांडा, नाही तर दोनशे वाट्या मांडा. पाऊस मुसळधार असेल तर वाट्याही भरतील. पण नुसती बुरबुर असेल तर? पातेल्यात निदान तळ ओला होतो, वाटीत चार थेंब पडतात, शेजारच्या वाटीत एकही नाही. कॅमेऱ्याचंही तसंच. उजेड म्हणजे पाऊस. आत जी उजेड टिपणारी चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. फोनमधली चकती करंगळीच्या नखाएवढी. काकांच्या मोठ्या कॅमेऱ्यातली ३६ बाय २४ मिलिमीटर. तेवढ्याशा नखावर २० कोटी वाट्या मांडल्यावर संध्याकाळच्या ट्यूबलाइटच्या बुरबुरीत त्यात काय पडणार? म्हणून चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे कण दिसतात.

आणि गंमत पुढेच आहे. हे फोन करणाऱ्यांनाही ठाऊक आहे! म्हणून २०० मेगापिक्सेलचा फोन एरवी १६ वाट्या एकात ओततो आणि साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. १०८ वाला नऊ वाट्या एकात ओतून १२ चा देतो. पूर्ण १०८ हवे असतील तर ते वेगळं बटण मुद्दाम दाबावं लागतं. आमच्या भाच्यानं ते हौसेनं दाबून ठेवलं होतं, आणि म्हणून त्याचा फोन भरला. तो गप्प बसला असता तर १२ मेगापिक्सेलचे छोटे फोटो निघाले असते, फोनही लवकर भरला नसता, आणि मूळ फोटो कदाचित आज असता. त्यात आई ५०० ठिपक्यांची मिळाली असती. म्हणजे ४ बाय ५ इंचाचा फोटो, चांगला, हातात धरण्यासारखा.

मी काकांना विचारलं, मग तुम्हाला धंद्याला किती लागतात? तुम्ही तर लग्नाचे मोठमोठे अल्बम करता.

ते उठले आणि कपाटातून दोन अल्बम काढून माझ्या मांडीवर ठेवले. दोन्ही १२ बाय १८ च्या पानांचे. एकावर २००५ लिहिलेलं, एक अलीकडचा. "सांगा," म्हणाले, "कुठला किती मेगापिक्सेलचा?" मी दोन्ही चाळले. नवऱ्यामुलीच्या नथीतला मोती, मेंदीची रेघ, शालूची जर, सगळं दोन्हीत दिसत होतं. नव्यात अंधाऱ्या कार्यालयातले फोटो जास्त स्वच्छ होते, हे खरं. बाकी मला काही सांगता येईना. जुना ६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावरचा होता. नवा २४ च्या!

ही माझी एकटीचीच फजिती नव्हे बरं का. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये कॅमेरे नि संगणकांवर लिहिणाऱ्या डेव्हिड पोग यांनी अशीच परीक्षा घेऊन २००७ साली त्यावर लिहिलं होतं. एकच फोटो ५, ८ आणि १३ मेगापिक्सेलचा करून १६ बाय २४ इंचांवर छापला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओळखायला सांगितलं. बहुतेकांना ओळखता आलं नाही. आणि १६ बाय २४ म्हणजे केवढा, तर आपल्या भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडराएवढा. एवढा फोटो तुमच्या घरात किती आहेत?

काका तरुण असताना रोलचा जमाना होता. पण डिजिटल कॅमेरा तेव्हाही प्रयोगशाळेत जन्मलेला होता. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरनं पहिला जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि फोटो उतरायचा गाण्याच्या कॅसेटसारख्या फितीवर. एकाला २३ सेकंद लागत. ठिपके किती? १०० बाय १००, एकूण दहा हजार! आपल्या रांगोळीची जरा मोठी बहीण. १९९९ साली निकॉन कंपनीचा डी१ आला तो सुमारे २.७ मेगापिक्सेलचा, आणि वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार त्याच्यावर बातम्यांचे फोटो काढू लागले. आज सोनी कंपनीचा ६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा मिळतो, २०१९ पासून. पण खेळांचे फोटो काढणाऱ्यांसाठी कॅनन आणि निकॉन यांनी २०२० साली जे भारीतले भारी कॅमेरे काढले, ते दोन्ही २० च्या आसपासचेच होते. त्या माणसांना धावणाऱ्याचा पाय जमिनीवरून सुटताना हवा असतो. एका सेकंदाला दहा-पंधरा फोटो काढायचे आणि लगेच कचेरीला पाठवायचे, तिथे जड फोटो घेऊन काय करायचंय?

मग एवढे मेगापिक्सेल लागतात तरी कुणाला? अगदीच कुणाला नाही असं नाही. लांबच्या फांदीवरचा पक्षी टिपणाऱ्यांना लागतात, कारण त्यांना पाच पावलं पुढे जाता येत नाही, पक्षी उडतो. मग फोटोतला इवलासा तुकडा कापून मोठा करावा लागतो. जुन्या चित्रांची, पोथ्यांची हुबेहूब नक्कल उतरवून ठेवणाऱ्यांना लागतात. प्रदर्शनात माणसाहून उंच फोटो लावणाऱ्यांना लागतात. आपल्याला वाटतं चौकातल्या होर्डिंगला सर्वांत जास्त लागत असतील, तर तेही नाही! ते आपण रस्त्याच्या पलीकडून बघतो, म्हणून इंचाला वीस-तीस ठिपक्यांवरही त्याचं भागतं. पुढारी जवळून बघितले तर ठिपकेच ठिपके असतात, असं काका म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

बाकी तुमचं-माझं काय? ४ बाय ६ चा अल्बमातला फोटो इंचाला ३०० च्या हिशेबानं २१ लाख ६० हजार ठिपक्यांत होतो, म्हणजे २ मेगापिक्सेल झाले पुरे. ८ बाय १० ला ७२ लाख. घरातला टीव्ही नेहमीचा असेल तर त्यावर मुळात २१ लाखांच्या वर ठिपकेच नाहीत, आणि फोर-के म्हणून मिरवणारा असेल तर ८३ लाख. माझ्या पुतणीनं बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरला तेव्हा तर फोटो ५० केबीच्या आत बसवा म्हणून सांगितलं होतं. ५० मेगापिक्सेलच्या फोनवर काढलेला फोटो लहान करता करता बिचारीची अर्धी दुपार गेली!

तेव्हा आम्ही ५० वालाच घेतला. तोही एरवी १२-साडेबाराचेच फोटो देतो, आणि ते बटण मी चिरंजीवांना लावू दिलेलं नाही. ह्यांची समजूत पटली का? पूर्ण नाही. "एकदा घ्यायचा तर चांगला घ्यावा," असं अजून म्हणतात. पुरुषांचं आकड्यांवर भारी प्रेम. पण वाचलेल्या पैशांतून मी एक केलं. गेल्या तीन-चार वर्षांतले निवडक फोटो काकांकडून ४ बाय ६ वर छापून घेतले आणि अल्बम केला. साधा, जुना, पारदर्शक कप्प्यांचा. फोन पाण्यात पडला तरी आता चिंता नाही.

तुम्हालाही दोन-तीन गोष्टी सांगते, माझ्या अनुभवातल्या. एखादा फोटो जपून ठेवायचा असेल तर तो कुणाला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ठिपके न छाटता जसाच्या तसा जातो. नुसता फोटो म्हणून टाकला की लहान होतो. २०२३ पासून तिथे 'एचडी' असंही एक बटण आलंय. त्यानं जास्त ठिपके जातात, पण तेही मूळ नव्हे. मूळ फोटो पुसण्याआधी एक प्रत संगणकात नाही तर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, नाही तर चक्क छापून घ्या. फोटो काढण्याआधी फोनची काच मऊ कापडानं पुसा. आपले हात कणकेचे नि तेलाचे. त्या काचेवर काय काय बसलेलं असतं! माझा तर अर्ध्याहून जास्त धूसरपणा तिथेच गेला. आणि संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली काढण्यापेक्षा सकाळी खिडकीपाशी काढा, पाऊस तिथे पडतो. बोटांनी ताणून चित्र जवळ आणण्यापेक्षा पावलांनी जवळ जा. ताणलं की बहुतेक वेळा फोन नुसते ठिपके कापत जातो.

हे सगळं शिकल्यावर मी पहिला फोटो कुणाचा काढला सांगू? सासूबाईंचा. त्यांचीही तीच तऱ्हा. आमच्या घरातल्या एवढ्या फोटोंत त्या एक तर पाट मांडताहेत, नाही तर "मला कशाला, पोरांचा काढा" म्हणत पदर पुढे घेताहेत. त्या दिवशी सकाळी त्या खिडकीपाशी मेथी निवडत बसल्या होत्या. ऊन अजून वर आलं नव्हतं. मी काच पुसली आणि त्यांच्यासमोर खाली जमिनीवरच बसले, अगदी दोन-अडीच फुटांवर. त्यांना फोनचा पत्ताच नव्हता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, हातात मेथीची जुडी तशीच, आणि म्हणाल्या,

"अगंबाई! एवढ्या जवळ काय येऊन बसलीस गं?"

तेवढ्यात मी फोटो काढला.